राहिलेलं लग्न

१२ जानेवारी

अविवाहित! मी इथे त्याच्या आईची दुखणी काढते, त्याची पोर लहानाची मोठी केली, आणि हा तिकडे बसून सांगतो — अविवाहित!

डहाणूला कचेरीत गेले होते, नविनची काही खबर आहे का विचारायला. त्याला पकडून तीन वर्षं झाली. बोट गुजरातची, पाणी कुणाचं ते समुद्रालाच ठाऊक, आणि तुरुंग कराचीचा. आपल्या सरकारची माणसं तिथे जाऊन एकेका खलाशाला नाव-गाव विचारतात, म्हणजे हा आपलाच हे पक्कं होतं. त्यांना नविनने सांगितलं म्हणे — गाव रानशेत, घरी आई चिमी, लग्न झालेलं नाही. झालं! मी नाहीच कुठे.

कचेरीतली शितल मॅडम स्वभावाने चांगली आहे. आवाज खाली घेऊन म्हणाली, "ताई, पुढे काही कळवायचं झालं तर आईलाच कळवावं लागेल. तुमच्याकडे लग्नाचं काही सर्टिफिकेट?"

कुठून आणू? लग्न झालेलंच नाही. खरं तेच बोलला तो. त्याचाच जास्त राग आला.

१३ जानेवारी

राग आहेच.

२० जानेवारी

आमच्यात हे काही जगावेगळं नाही. मी एका पिशवीत दोन साड्या घालून नविनकडे राहायला आले, गावाने मान्य केलं, पोरगी झाली, प्रगती. लग्न मागाहून. पाड्यातल्या निम्म्या घरांचं असंच. भात बरं आलं की करू, घर नीट झालं की करू — असं म्हणत माणसं म्हातारी होतात. कुणी नावं ठेवत नाही.

आमचं राहिलं ते नविनच्या बोटीपायी. श्रावण सरला की तो वेरावळला जायचा तो मे संपताना यायचा. लग्नं होतात चैत्र-वैशाखात. तो घरी असतो तेव्हा धो धो पाऊस आणि चिखलात भाताची आवणी. चिखलात का मांडव घालू? दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या साली बोट सोडतो, आधी लग्न करतो." दरवर्षी मी हसायचे. आता वाटतं, एकदा तरी भांडायला हवं होतं.

९ फेब्रुवारी

प्रगतीने आज सांगितलं. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात तिच्याबरोबर मनिष म्हणून मुलगा आहे, तलासरीकडचा. मला आधीच कळलं होतं — हल्ली कामावरून आली की रबराचा वास जाईपर्यंत अंग घासते आणि परत फोन घेऊन बाहेर जाते.

मुलगा चांगला वाटतो. पण त्याच्या आईचं म्हणणं, सून लग्न लावूनच आणायची, वैशाखातच. तिचंही बरोबर. आणि आमची रीत अशी की आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरीचं लागत नाही. एका मांडवात चालतं, पण आधी आईबाप.

प्रगती म्हणाली, "आई, पप्पा नाही आले तर?" मी चुलीत फुंकर घालत बसले. चूल पेटलेलीच होती.

१६ फेब्रुवारी

पुतळीकाकू येऊन गेली. आमच्याकडे लग्न बाईमाणूस लावतं, धवळेरी. सगळ्या पाड्यांची धवळेरी पुतळीकाकूच. तिने तोड काढली — नविनचा शर्ट पाटावर ठेवायचा, त्याला हळद लावायची, मी शेजारी बसायचं. "देव समजून घेतो गं."

देव घेईल. मी कशी घेऊ? शर्टाला बाशिंग बांधायचं म्हणजे माणूस येणार नाही हे मीच गावाला सांगायचं.

माझी सासू कोपऱ्यात बसली होती. तिला ऐकू कमी येतं, पण नको तेवढं बरोबर येतं. एकदम म्हणाली, "माजा पोऱ्या जिता आहं. जित्या माणसाचं आंगडं पुजतां?"

पुतळीकाकू चहा न घेता गेली.

१७ फेब्रुवारी

तसा विचार केला तर शर्ट बरा. शर्ट अविवाहित म्हणणार नाही.

२ मार्च

सासू — मी आईच म्हणते तिला — आज बोलायच्या लयीत होती. तिची बहीण उंबरगावकडे दिलेली. लग्न झालं तेव्हा सगळं एकच मुंबई राज्य होतं. मग मधून हद्द गेली, मावशी गुजरातेत, आई महाराष्ट्रात. मावशीची नातवंडं गुजराती शिकली. "बाजारात गाठ पडं तवा पोरां माज्या तोंडाकडं बघत," आई सांगत होती.

मी म्हटलं, आई, तुमच्या मुलाचं तेच झालंय. तिकडे विचारावं तर म्हणतात, तुम्ही महाराष्ट्राचे. इकडे विचारावं तर पहिला प्रश्न, बोट कुठली? आणि दोन्हीकडे शेवटचा प्रश्न मलाच — तुम्ही त्याच्या कोण?

१५ मार्च

मिथुन सुटून आला! तलासरीच्या पुढच्या पाड्यातला, नविनच्याच बोटीवरचा. कळल्याबरोबर मी चालवते ती अंगणवाडी मदतनीसबाईवर सोडली आणि जीप पकडली.

ओळखलाच नाही मी त्याला. केस पिकलेत. अंगणात माणसांची गर्दी, बायको त्याच्या मागे मागे, तो हात धुवायला उठला तरी मागे. मला वाईट वाटलं. खोटं कशाला — हेवा वाटला.

नविन? "बरा आहे वहिनी. खोकला तेवढा धरलाय."

मग मी विचारलंच. सगळ्यांसमोर. त्याने लग्न झालं नाही असं का सांगितलं?

मिथुन हसायला लागला. "वहिनी, मी बाजूलाच होतो! मी त्याला ढोसलं, अरे, बायको सांग की! तर म्हणतो, सरकारी माणसाला खोटं कसं सांगू? लग्न राहिलंय ना अजून. आणि उलट त्या सायबालाच विचारतो — साहेब, वैशाखाच्या आत सोडाल का, माझं लग्न आहे!"

अंगणातले सगळे हसले. मीही हसले. परत येताना जीपमध्ये पदर तोंडात घालून रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, आहे!

१६ मार्च

पुतळीकाकूला सांगून आले. शर्ट नको. मी थांबते. काकू म्हणाली, "आणि पोरगी?"

११ एप्रिल

पोरगी गेली.

भांडून नाही. मनिषच्या आईनेच नमतं घेतलं, म्हणाली, राहायला येऊ दे, लग्न तिचा बाप आल्यावर. प्रगतीने पिशवी भरली. दारात म्हणाली, "तुझ्यासारखंच झालं गं माझं." चिडून म्हणाली की मायेने, कळलं नाही. मी डोक्यावरून हात फिरवला आणि नेमकं तेव्हाच म्हटलं, चार्जर घेतलास का?

१४ एप्रिल

भात दोघींपुरता होतच नाही. उरतो. आई दोन घास खाऊन अंधार पडायच्या आत झोपते.

२७ एप्रिल

आशागडच्या वाटेला मांडव लागलेत. धवळेरीची गाणी माळावरून इथवर येतात. पूर्वी मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. आज मुद्दाम रेडिओ लावला.

फार एकटं वाटतं. लिहूनच टाकते. रागावण्यासाठी तरी कुणी समोर पाहिजे.

६ मे

भिंत सारवली. पुतळीकाकू विचारत होती, लग्नाचा चौक लिहायची भिंत कुठली? म्हटलं, हीच. या साली नाही तर पुढच्या साली. तो येईल तेव्हा पाऊस असला तरी चालेल. ताडपत्री लावू, चिखलात बसू, पण लग्न लावू. ठरलं!

१९ मे

शितल मॅडमचा फोन. "आईंना द्या." म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही, मला सांगा.

नविन गेला. खोकलाच वाढला म्हणे. दहा-बारा दिवस झाले, कागद आज आले. परवा त्याला गावात आणतील.

ताब्यात घ्यायला सही लागेल. "ताई, तुमचं नातं काय सांगू?"

म्हटलं, नवरी आहे त्याची.

पुतळीकाकूकडे जाऊन आले. ती हळद दळायला बसली. परवा आधी लग्न लागेल. मग नेतील.