नेक अँड नेक

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर रागवायची माझी हौस काही फिटत नाही. आज वर्गात एक मुलगी 'नेक टू नेक' म्हणाली आणि मी थेट तुमच्या आवाजात म्हणाले, "टू नाही, अँड." मुलं हसली. घरी आल्यावर हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून कागद घेतला.

हैदराबादेत, नल्लकुंटा भागातल्या आपल्या घरी, पुढच्या खोलीत, तुमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. प्रत्येक वाक्याचा प्रसंग आधी मराठीत सांगायचा, मगच इंग्रजीला हात लावायचा. प्रसंग ठाऊक नसेल तर वाक्य उसनं, असं तुम्ही म्हणायचात. मग देशाचा बाजार खुला झाला, नव्या कंपन्या आल्या आणि कोठीच्या बाजारपेठेत काचेच्या दारांच्या इन्स्टिट्यूट निघाल्या. झटपट फाडफाड इंग्रजी! त्यातल्याच एकीत मला शिकवायची नोकरी लागली. "जा की," असं तुम्हीच म्हणालात. बघता बघता तुमच्या सतरंज्या रिकाम्या पडल्या आणि माझ्या वर्गात बसायला जागा उरेना. चेहरे मात्र बरेचसे तेच होते.

एका संध्याकाळी आपल्या दोघांकडेही शिकलेला एक मुलगा पेढे घेऊन आला. त्याला कुकटपल्लीत नोकरी लागली होती. घरचा मराठी, पण जीभ पक्की हैदराबादी. मी चहा गाळत होते. तो हसत म्हणाला, "सर, आपका और मॅडम का तो नेक टू नेक चलरा!"

तुम्ही ताठ बसलात. "टू नव्हे रे, अँड. आणि प्रसंग बघ. मलकपेटच्या रेसमध्ये दोन घोडे मानेला मान लावून पळतात, तेव्हा म्हणायचं. दोघं पळत असतील तरच. मी बसलोय."

तो बिचारा ओशाळला. तुम्ही पेढा खाल्लात, छान आहे म्हणालात. मी गाळणं धरून तशीच उभी. कोणी सांगितलं होतं तुम्हाला बसायला? मला तुम्हाला हरवायचं नव्हतं हो. रोज रात्री जेवताना कोणी काय शिकवलं, कोणाचं चुकलं, यावरून तुमच्याशी कडाकडा भांडायचं होतं. पण त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या वर्गाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मी उत्तरं तयार ठेवून घरी यायचे, चपला काढायचे, आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणायचात, "जेवून घे."

आता जेवून घे म्हणणारंही कोणी नाही. हे पत्र कुठे टाकायचं, तेही कळत नाही, राहील इथेच. पण एक सांगून टाकते. रोज कुलूप उघडून आत आले की मीच मोठ्याने विचारते, "आज वर्ग कसा झाला?" मग सगळं इंग्रजीत सांगत बसते. मध्येच एखादं वाक्य मुद्दाम चुकवते, आणि तुम्ही टोकाल म्हणून थांबते.