ठमीचा फॉर्म आणि मामाचं भाषण

३ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होतो. तू लिहिलेलं मंत्र्यांचं भाषण रेडिओवर ऐकलं. ‘पुढचं युद्ध अटळ आहे, प्रश्न फक्त तारखेचा!’ झालं. तुझे दाजी मागच्या अंगणात खंदक खणायला धावले. गुडघाभर खणलं आणि आता कंबर शेकत बसलेत. ठमीने तर कहरच केला. दातांच्या कॉलेजात मिळालेली जागा सोडायला निघाली, सैन्यभरतीचा फॉर्म घेऊन आली. युद्ध होणारच तर शिकून काय करू, म्हणते. मी म्हटलं, सैनिकांना दात नसतात का? पण ऐकेल तर शपथ. सोळा तारखेच्या आत माझी सही हवी आहे. मला भीती वाटते रे. तुला आतलं ठाऊक असेल, तेवढं तिला कळव.
लोभ आहेच, थोडं शहाणपणही वाढव.
तुझी ताई

७ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
आतलं सांगतो. भाषण बारा मिनिटांचं हवं होतं, माझं दहातच आटोपलं. मंत्रीसाहेबांचा निरोप आला, काहीतरी जोरकस टाक. चहा गार व्हायच्या आत मी ते वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या, आता प्रत्येक भाषणात तेच हवंय. युद्ध होणार की नाही हे मला माहीत नाही. साहेबांना विचारलं, तर हसून म्हणाले, लोक घाबरलेले असले की प्रश्न विचारत नाहीत. मला लाज वाटते, ठमे. फॉर्म भरायचाच तर स्वतःच्या मनाने भर, माझ्या वाक्यावर नको.
दाजींना म्हणावं खड्डा बुजवा, कुणीतरी पडेल.
तुझा मामा

११ मार्च
ती. मामास सा. न.
पत्र वाचून आधी चिडले, मग रडले. मला वाटलं होतं, कुणाला तरी नक्की माहीत असणार. फॉर्म फाडला. पण कॉलेजात आमच्या वर्गातल्या एकतीस जणांनी भरलेत. त्यांनाही मामा असतील, पण भाषणं लिहिणारे नाहीत. तुझं पत्र वर्गात वाचून दाखवू? बाबा म्हणतात, त्याची नोकरी जाईल. तू नको म्हणालास तरी मी रागावणार नाही.
उत्तराची वाट पाहते.
तुझी ठमी

१३ मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
वाच. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाच. कुणी लिहिलंय विचारलं, तर माझं पूर्ण नाव सांग. ताईला म्हणावं, एक खाट रिकामी करून ठेव, बहुधा लांबच्या मुक्कामाला येतोय.
लोभ असू द्यावा. या खेपेस जरा जास्तच लागेल.
मामा