प्रॅटरच्या मुलाची मान

१२ सप्टेंबर, मंगळवार
देव आहे! हातांच्या वर्गातल्या जोड्या आज लागल्या आणि माझ्या वाट्याला आला डेल्टन प्रॅटर. वर्षभर हाच. ऑस्टिओपथी शिकायची म्हणजे जोडीदाराचं अंग चाचपायचं आणि आपलं चाचपू द्यायचं — लाजून चालत नाही. म्हाताऱ्या डॉक्टर प्रॅटरचा मुलगा माझ्या हाताखाली!

डॅडींनी अख्खी जवानी कोळसा खणला. खाणवाल्यांचा डॉक्टर हाच प्रॅटर. दर वेळी छातीचा फोटो उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, "साफ आहे. सिगरेट सोड, स्टिडम." डॅडींनी जन्मात सिगरेट ओढली नव्हती. छातीत कोळशाची धूळ भरली होती; शेवटी आडवं होता येईना, खुर्चीत बसूनच गेले. मी डॉक्टर होतेय ती त्याच्या दवाखान्यासमोर पाटी लावायला. एक रोगी त्याच्याकडे ठेवणार नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार
बरगड्या. हव्या होत्या त्याहून जोरात दाबल्या. "आयव्ही, कणीक नाहीये गं मी," म्हणाला. सॉरी म्हटलं. मनापासून नव्हतं.

३० सप्टेंबर, शनिवार
चर्चच्या तळघरात आमचा फुकट दवाखाना. आम्ही रक्तदाब मोजतो, बायका बीन्स आणि मक्याचा पाव घेऊन येतात. म्हातारा प्रॅटर आला होता, आम्हाला शाबासकी द्यायला. माझ्या कोटावरचं नाव वाचून म्हणाला, "स्टिडम? कुठल्या घळीतले गं तुम्ही?" सांगितलं. भली माणसं, म्हणाला आणि पावाकडे वळला. आठवतसुद्धा नाही त्याला! तोंड चुकवून पळाला असता तर एवढा राग आला नसता.

१० ऑक्टोबर, मंगळवार
मान शिकलो. डेल्टनच्या गळ्याच्या डाव्या हाडाच्या वर, खळग्यात, बोटाला गाठ लागली. घट्ट. दाबली तरी त्याला दुखलं नाही. पहिल्या वर्षातल्यालाही कळतं, त्या जागी गाठ बरी नव्हे, कॅन्सरची असू शकते. आणि हा वर्ग घेणाऱ्या एंगलबाईंचा दंडकच आहे — हाताला जे लागेल ते त्याच तासाला त्या माणसाला सांगायचं.

तो डोळे मिटून पडला होता. "काय लागतंय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "साफ आहे."

ठरवून म्हटलं. त्याच्याच घरचा शब्द, त्याच्याच घरी पाठवला. आता कळेल म्हाताऱ्याला, घरातलं माणूस कसं जातं ते. घरी येऊन पोटभर जेवले.

११ ऑक्टोबर
वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं का?

१५ ऑक्टोबर, रविवार
मॅमॉला, डॅडींच्या आईला, सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल बरं केलंस — तिचा पोटचा मुलगा गेलाय. ती बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "त्या पोराने तुझ्या डॅडीचं काय वाकडं केलं होतं?"

चिडले. म्हातारा हाती लागत नाही, पोर लागलं, एवढंच. पण म्हाताऱ्याला सोडायचं कसं? दुपारभर धुमसत बसले. मंगळवारी सांगेन डेल्टनला. सांगावंच लागेल, मेलं!

१७ ऑक्टोबर, मंगळवार
तोंड उघडणार तोच डेल्टन हळूच म्हणाला, "जोडीला तुझं नाव मीच मागितलं होतं बाईंकडे. मानेत काहीतरी लागत होतं. आमचे डॅड म्हणाले, सर्दीने असेल. त्यांच्या शब्दावर माझा भरवसा नाही — तुझ्या डॅडींचं ठाऊक आहे मला. म्हटलं, स्टिडमची पोरगी काही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. तू साफ म्हणालीस, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. लेक्सिंग्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात ठरवलेली तपासणी रद्द करून टाकली."

मी त्याचं बोट धरून गाठीवर ठेवलं. म्हटलं, "आहे. तेव्हाही होती."

त्याने माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं. उठून शर्ट घालायला लागला.