सातव्या खिशातलं हत्यार

६ ऑक्टोबर १९९७

चहा दोनदा गरम केला, दोनदा गार झाला. या घरात म्हातारीला कोणी विचारत नाही, कारण स्नेहलचा पंखा अडलाय. छताचा नव्हे – पंपाच्या पोटातला. इंपेलर म्हणतात. बाप-लेक जेवताना तेच बोलतात, झोपेतून उठल्यावर तेच. मी मध्ये तोंड घातलं की, "आजी, थांब ना जरा." थांबते. दुसरं करतेय काय.

असो. कागदा, आता तुला नमस्कार. तुझ्या एका बाजूला नातीचे आकडे, कडेला भोकं. ती रद्दीत टाकत होती, मी उचललं. पाठ कोरी आहे, मला तेवढी पुरे. साक्षरतेच्या वर्गातल्या बाईंनी अक्षरं शिकवली ती अशी कामाला येतात. पुढच्या बाजूचं मात्र ओ की ठो कळत नाही.

८ ऑक्टोबर

आज मीच पकडून बसवलं स्नेहलला. म्हटलं, मला कळेल असं सांग नाहीतर घरात तो शब्द काढू नकोस. तिने मनोरमाचा, म्हणजे माझ्या सुनेचा, कोबी घेतला आणि अर्धा कापला.

"आजी, या पानांच्या फटीत सुरी घालायची. फट साफ करायची, पण शेजारच्या पानाला टोचायचं नाही. आणि पानं पिळलेली आहेत, म्हणून सुरीही वाकत वाकत जायला पाहिजे. ती कुठून जाईल, कशी वाकेल, ते मी कंप्युटरवर आधी आखून ठेवते."

"मग मशीन काय करतं?"

"मशीन ऐकतं."

घरात एक तरी ऐकणारं आहे म्हणायचं.

काशीमीऱ्याला ईश्वरभाईंच्या गाळ्यात ती आखते आणि शशिकांत ते मशीनवर चालवतो. शशिकांत माझा मुलगा, तिचा बाप. त्यानेच शब्द टाकून तिला लावली. आता गाळ्यातले चिडवतात त्याला – "काय शशिकांत, पोरगी सांगेल तसा नाचतोस." तो हसतो म्हणे. पण घरी आला की चपला जोरात काढतो. मला ऐकू येतं.

कोबीच्या चिंध्या झाल्या होत्या. सुनेने त्यांची कोशिंबीर केली.

१० ऑक्टोबर

खंडेनवमी. शशिकांत निघताना म्हणतो, "यंदा मशीनला हार घालतो, झालं."

मी म्हटलं, तुझा बाप सुतार होता. करवत, रंधा, पटाशी, सगळं पुसून पाटावर मांडत होता. हत्यारं मशीनच्या पोटात ठेवून पूजा होते होय? बाहेर काढ. पूस. मांड. हळद-कुंकवाची डबी मीच हातात दिली, झेंडू बांधून दिला.

संध्याकाळी खुशीत आला. सगळी हत्यारं काढून लाल कपड्यावर मांडली होती. ईश्वरभाईंनी फोटो काढायला लावला. "माँजी ने बराबर बोला" म्हणाले. पेढे आणले होते, मऊ होते, दाताला त्रास झाला नाही.

११ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. श्रीखंड आंबट होतं. मनोरमा म्हणते नव्हतं.

१३ ऑक्टोबर

मशीन मोडलं.

दुपारीच स्नेहल दारात. डबा तसाच भरलेला. पंखा जवळजवळ झाला होता म्हणे, शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. मशीनने हत्यार उचललं आणि ते सरळ पात्यात घुसलं. आवाज असा, की हायवेवरचे ट्रकवाले बघायला आले. ज्यात हत्यार बसतं ती मशीनची मानच वाकली. पंखाही गेला, मशीनही गेलं.

ईश्वरभाई एवढंच बोलले, "बेटी, प्रोग्राम तो तेरा था." बाकीच्यांनी ते पुढे नेलं. "लडकी को दिया, और क्या होगा." तिच्यासमोर बोलले. बाप तिथेच उभा होता.

ती रडली नाही. आली तशी कागद पसरून बसली. ओळीवर बोट ठेवते, ओठ हलतात, पुढची ओळ. शशिकांत आला तो मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळच चालू. पाणी जपून वापरायला मी सांगत असते. आज नाही बोलले.

१४ ऑक्टोबर

ईश्वरभाईंनी तिला सांगितलंय, बोलावल्याशिवाय येऊ नकोस.

"चूक सापडत नाही, आजी."

मी काय शोधून देणार? मला भोकांची बाजू कुठली तेवढं कळतं. पाणी दिलं. तेही प्यायली नाही.

१६ ऑक्टोबर

तांदूळ निवडत होते. घरात मी एकटीच. शशिकांत लवकर आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी मार खायचं काही केलं की असाच बसायचा.

म्हणाला, मशीनला एक चाक असतं, त्याला खिसे. प्रत्येक खिशाला नंबर. मशीनला डोळे नाहीत. सात म्हटलं की सातव्या खिशात हात घालतं आणि असेल ते उचलतं. सातवं आखूड आहे, एवढं त्याला सांगून ठेवलेलं असतं.

"मग?"

"पूजेनंतर परत लावताना सात आणि अकराची अदलाबदल झाली. अकरावं लांब आहे, आई."

हत्यारं काढून परत लावली की मापं घ्यायची असतात. घेतली नाहीत. पेढे वाटत होते, सगळे घाईत होते.

मी म्हटलं, ऊठ, आत्ता जा आणि ईश्वरभाईंना सांग.

"मला या वयात कोण ठेवेल? ती शिकलेली आहे. तिला कुठेही मिळेल." मग खाली बघून, "आणि हत्यारं बाहेर काढ म्हणून तूच मागे लागलीस ना?"

घ्या! पूजा कर म्हटलं मी. खिसे बदल म्हटलं? ताट उचललं आणि आत गेले. तांदूळ तसेच शिजवले. जेवताना मनोरमाच्या दाताखाली खडा आला. ती माझ्याकडे बघत राहिली.

१७ ऑक्टोबर

मी सांगू शकते. जिना उतरायचा, रिक्षा करायची, काशीमीरा. रिक्षावाल्याला गाळा माहीत असेल. ईश्वरभाई मला खुर्ची देतील. आणि मी काय म्हणणार – माझ्या पोटच्या पोराला काढा?

आणि नाही गेले तर ती पोर ओळीवर बोट फिरवत बसलीय. जी चूक त्या कागदात नाहीच, ती शोधतेय. समोर बसून बघते मी. सांगता येत नाही आणि उठवतही नाही.

सकाळी केस विंचरताना तिला म्हटलं, पुरे आता, डोळे जातील. "एवढं पान बघते." मग ते पान. मग पुढचं.

१८ ऑक्टोबर

भाईंदरला दुसऱ्या दोन गाळ्यांत विचारायला गेली होती. एकाने नाव विचारलं आणि म्हणाला, "वो मशीन तोडनेवाली तू है क्या?" बातमी तिच्या आधी पोचली होती. दुसऱ्याकडे कोणी बस म्हटलं नाही. आता पोरींना ठेवायचंच नाही म्हणतात. ही एकटी नाही, सगळ्याच.

हे तिने जेवताना सांगितलं, आपलं भाजी वाढतावाढता. शशिकांत ताट अर्धं ठेवून उठला.

कुठेही मिळेल, म्हणत होता. त्याला तेच विचारायला मी तोंड उघडलं. त्याचा चेहरा पाहिला आणि भात पुढे ओढला. या तोंडाने मी भाजीवाल्यांना रडवलंय, बिल्डिंगच्या सेक्रेटरीला जिन्यात उभा केलाय. घरात मात्र चालत नाही.

२१ ऑक्टोबर

दिवसभर घरात फक्त रेडिओ बोलला.

२३ ऑक्टोबर

शशिकांतला गॅलरीत गाठलं. म्हटलं, बोललास का?

"बोलतो."

कधी?

"बोलतो म्हटलं ना, आई."

पाच नंबरची मनोरमाची मैत्रीण आली, फराळाचं विचारायला. तिच्यासमोर दोघांनी हसून दाखवलं.

२४ ऑक्टोबर

ईश्वरभाई रविवारी घरी येणार. ज्यांचा पंखा होता त्या पार्टीला काय झालं ते सांगावं लागणार आहे, म्हणून स्नेहलच्या तोंडून ऐकायचंय. माणूस वाईट नाही. वाईट असता तर आलाच नसता.

स्नेहल म्हणते, "सांगून टाकते, चूक माझी."

"सापडली?"

"नाही."

"मग कसली सांगतेस?"

कागद गोळा करत होती. शशिकांत दारात होता. त्याने सगळं ऐकलं. मी दोघांच्या मध्ये चकल्यांचं पीठ घेऊन बसलेली. सोऱ्यात पीठ भरलं, काढलं, परत भरलं. एक चकली धड पडली नाही.

२६ ऑक्टोबर

ईश्वरभाई आले. खुर्चीच्या टोकावर बसले. शशिकांत भिंतीला टेकून. मनोरमाने लाडू पुढे केले, कोणी घेतले नाहीत.

मी आणि स्नेहल आत चहा गाळत होतो. मी म्हटलं, पोरी, नको बोलूस असं.

ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मोडलेलं हत्यार मी उचलून बघितलं होतं. हळद लागलेली होती. आणि लांब होतं. मी आखूड सांगितलं होतं."

"मग इतके दिवस ते कागद?"

"माझी चूक सापडली असती तर बरं झालं असतं." गाळणं झटकलं. "पप्पांना सांगू नकोस मला माहीत आहे ते. त्यांना रोज तिथे उभं राहायचंय."

ट्रे तिच्या हातातून मी घेतला. बाहेर आले. ईश्वरभाई म्हणाले, "बोल बेटी, कैसे हुआ?" तिने तोंड उघडलं.

मी म्हटलं, स्नेहल, तू गप्प. भाई, उसको मत पूछो. शशिकांत, भिंत सोड, पुढे ये. हळदीची डबी आईने दिली, तेही सांग. पण उत्तर तू द्यायचं.