दहावा फेरा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, आज स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्याने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, आणि तो देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी बरोबर आली, वार चुकला. माझ्या दुकानात एकोणीस घड्याळे आहेत आणि त्यातल्या कोणत्याही दोघांचे एकमत नसते, तेव्हा मला वाराचे काय विचारता, असे मी म्हटले. ते डॉक्टरांना पटले.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात भावजयीचे नाव नको त्या शब्दांसकट आले होते. ते मी फाडून चुलीत घातले आहे. कोणाकडे त्याची प्रत निघाली तर ती खोटी समजावी.

कलम पहिले. दुकान.

खालचे दुकान, त्यातली खुर्ची, दिवा, चिमटे, भिंगे आणि हत्यारांची लाकडी पेटी हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. ती आता लोकांच्या घरी विजेची कामे करते आणि तिला घड्याळातले काही कळत नाही. पण तिच्या घरी अभ्यासाला कोपरा नव्हता तेव्हा ती याच दुकानात, माझ्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून शिकली. टिकटिक चालू असली की गणित सुटते, असे ती म्हणायची. तिने दुकानात दिवे विकावेत, तारा विकाव्यात, काय हवे ते करावे. फक्त भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला दर सोमवारी चावी देऊन वेळ लावावी. ते रोज चार मिनिटे पुढे जाते. पुढच्या सोमवारपर्यंत त्याला जाऊ द्यावे.

बँकेतली शिल्लक माझ्या शेवटच्या खर्चाला पुरेल. उरलेच तर भाचीने एक चांगली शिडी घ्यावी, तिची सध्याची शिडी भंगारवालाही घेणार नाही.

कलम दुसरे. गाड्या.

माझ्याकडे पत्र्याची, चावीवर चालणारी एकेचाळीस इंजिने आहेत, एकशे सहा डबे आहेत, आणि खाटेखालून निघून स्वयंपाकघराला वळसा घालून पुन्हा खाटेखाली येतील एवढे रूळ आहेत. दुपारी दुकान बंद केले की मी एक गाडी सोडते, खाटेवर आडवी होते आणि डोळे मिटते. गाडी स्वयंपाकघरात शिरली की आवाज लांब जातो, परतली की माझ्या पाठीखालून जातो. मधल्या वेळात मी कुठे कुठे जाऊन येते. एकदा एका पत्र्याच्या स्टेशनावर उतरले होते. तिथले प्रवासी डब्याच्या खिडकीत रंगवतात तसे नुसते रंगवलेले होते, तरी मला बसायला जागा व्हावी म्हणून ते जरा सरकले. तिकीट तपासणाऱ्याने माझ्या हातातली चावी पाहिली आणि पुढे गेला. चावी संपली की गाडी थांबते आणि मला जाग येते. त्या एवढ्याशा प्रवासावर माझा उरलेला दिवस निघतो.

आता किमतीविषयी लिहिते, कारण लोकांना तेवढेच ऐकायचे असते. आमच्या बाबांच्या काळी असे इंजिन एका चपलांच्या जोडाच्या मोलात यायचे. मी जमवायला लागले तेव्हा लोक ती भंगारात टाकत. भंगारवाला वजनावर द्यायचा आणि विचारायचा, "पोरांसाठी का, ताई?" मी हो म्हणायचे. मला पोरे नाहीत, पण तेवढे सांगत बसायला तो काही माझा मामा नव्हता. मग अचानक वारे फिरले. लहानपणी ज्यांना अशी गाडी मिळाली नव्हती ते सगळे एकाच सुमारास पैसेवाले झाले असावेत. एका इंजिनाला सायकलीची किंमत आली, मग स्कूटरची. जुन्या खेळण्यांचा व्यापारी जिना चढून वर यायला लागला. "बाई, मूळ खोक्यासकट असेल तर दुप्पट," तो म्हणायचा. "आणि खोकं कधी उघडलंच नसेल, दोरा तसाच असेल, तर बोलायलाच नको. दहापट!"

खेळण्याशी कोणीच कधी खेळलेले नसावे, याला हे लोक भाव देतात. तीन डबे मी महिनाभर खपून हौसेने नव्याने रंगवले होते. व्यापाऱ्याने ते पाहिले आणि कोणी वारल्याचे कळावे तसा हातातला चहाचा कप खाली ठेवला. जुना रंग गंजलेला असला तरी सोने आणि नवा रंग कितीही देखणा असला तरी माती, असा त्यांच्यात कायदा आहे. मला ते तीन डबे सगळ्यांत आवडतात.

आता ते पैसेवाले म्हातारे झाले आणि एकेक करून चालले. त्यांची मुले अख्खी कपाटे व्यापाऱ्याच्या दारात आणून रिकामी करतात. स्कूटरची किंमत उतरून पुन्हा सायकलीवर आली, आणि दोन महिन्यांपूर्वी व्यापारी म्हणाला, "बाई, खरं सांगू? आता एका बऱ्या छत्रीचे पैसे येतील." खेळण्याचा भाव ते ज्यांच्या लहानपणी होते त्यांच्या खिशात असतो, आणि ते जाताना तो बरोबर नेतात. मला याचे वाईट वाटले नाही, उलट हायसे वाटले, आणि का ते चौथ्या कलमात आहे.

तर एक हिरवे खोके वगळता सर्व गाड्या रस्त्यावर टेबल मांडून मुलांना वाटून टाकाव्यात. ज्याला जी आवडेल ती. मुलींना आधी निवडू द्यावे. रिकामी खोकी मात्र मुलांना देऊ नयेत, ती व्यापाऱ्याने रोख मोल देऊन न्यावीत, कारण अजूनही रिकाम्या खोक्याला आतल्या गाडीपेक्षा जास्त भाव आहे, आणि अशा जगाला मी काय बोलणार. तो विकत घेतो आहे, फुकट नाही, म्हणून त्याला साक्षीदार व्हायला हरकत नाही असे वकील म्हणतात.

कलम तिसरे. दोन खोल्या.

बाबांनी माझ्यासाठी एक हिरवे इंजिन घेतले होते आणि खोक्याला स्वतःच्या हाताने दोरा बांधला होता. तू बारा वर्षांची झालीस की उघड, असे ते म्हणाले होते. मी बारा वर्षांची व्हायला दोन महिने असताना ते गेले. त्यांच्या हातची ती शेवटची गाठ सोडवायचा मला धीर झाला नाही. खोके फळीवर राहिले.

चौदा वर्षांपूर्वी, भाव शिखरावर असताना, मी ते विकायला काढले. निम्मे पैसे धाकट्या भावाचे, हे मी आधीच कबूल केले होते. तो, भावजय आणि भाची तेव्हा एकाच खोलीत राहत होते. व्यापाऱ्याने आकडा सांगितला तेव्हा भावजयीने तो पुन्हा सांगायला लावला. तेवढ्यात दोन खोल्या आल्या असत्या. मी खोके हातात घेतले, भिंग लावून गाठ पाहिली आणि म्हणाले, "विकायचं नाही."

"का पण?" भावजयीने विचारले. मी खोके पुन्हा फळीवर ठेवले.

"वन्सं, पोरीला पाय पसरायला जागा नाही आणि तुम्ही खेळणी कवटाळून बसा!" असे म्हणून ती जिना उतरली, ती पुन्हा चढली नाही. मी कवडीचुंबक आहे, हे तिने चार घरी सांगितले. मीही तिच्याबद्दल आठ घरी सांगितले. पण जे तिला दिसत होते तेवढ्यावरून तिचे म्हणणे बरोबर होते, आणि हे मी जिवंतपणी तिच्या तोंडावर कबूल करू शकले नाही. मला त्याचे फार वाईट वाटते.

म्हणून वरच्या दोन्ही खोल्या, खाट आणि भांड्यांसह, भावजयीच्या एकटीच्या नावे कराव्यात. निम्म्या वाट्यात एकच खोली आली असती. दुसरी खोली चौदा वर्षांच्या अबोल्याबद्दल आहे. स्वयंपाकघराची खिडकी जोर लावून उघडू नये, ती जरा वर उचलून ढकलावी.

कलम चौथे. हिरवे खोके.

येथे वकिलांनी वाचायचे थांबावे. पुढचे पान मी घडी घालून कडेने शिवले आहे. ते धाकट्या भावाला द्यावे आणि त्याने एकट्याने वाचावे. हिरवे खोके आतल्या वस्तूसह त्याचे आहे, एवढेच इतरांना पुरे.

धाकट्या,

दार लावून घे.

तुझे इंजिन आणि माझे इंजिन जुळे होते. तुला तुझे लगेच मिळाले. "चावीचे नऊ फेरे द्यायचे," बाबांनी तुला शिकवले होते, "दहावा दिला की स्प्रिंग तुटते." बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशी तू दहावा फेरा दिलास. खट् असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. दुरुस्त करणारा माणूस घरात राहिला नव्हता. तू रडून रडून निळा झालास, आईने तुला भिंतीकडे तोंड करून निजवले आणि आम्ही खाली दुकानात गेलो. परत आलो तर इंजिन खाटेखालून ऐटीत धावत होते.

"बाबा आले होते," तू म्हणालास. "स्वप्नात. इथं बसले, भिंग लावलं आणि नीट केलं."

तू आपटून वाकवलेली चिमणीसुद्धा सरळ झाली होती. बाबांनी तीही सरळ केली असेल, असे मी धरून चालले. आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली आणि मग पहिल्यांदा जेवली. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि एक घड्याळ उघडले. जे स्वप्नात जमते ते जागेपणी का जमू नये, एवढाच माझा विचार होता. त्या एका दुपारच्या बळावर मी पासष्ट वर्षे पोट भरले, धाकट्या.

बाबा डावखुरे होते. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक पुडीच्या गाठीचा फास डावीकडे पडायचा. व्यापारी आला त्या दिवशी मी भिंगातून पाहिले, तर खोक्यावरचा फास उजवीकडे होता. मी मान वर केली. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, नको विकूस," तू म्हणालास. "बाबांची आठवण आहे."

मला सगळे कळले. आठ वर्षांच्या मुलाने काय केले तेही कळले आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला काय होत आहे तेही. गिऱ्हाइकाने खोके उघडले असते, आत वाकडी चिमणी निघाली असती आणि बायकोपोरीसमोर तुला खाली मान घालावी लागली असती. ते मला बघवले नसते. तू दर रविवारी येतोस आणि त्या फळीकडे पाठ करून बसतोस. मी चहा ओतते आणि आपण हवेवर बोलतो. मला कितीदा वाटले की सांगावे, पण तोंड उघडले की हवाच बाहेर यायची.

त्याची किंमत दोन खोल्यांची होती तोवर ते उघडायला माझा हात धजला नाही. किंमत छत्रीएवढी झाली आणि ते पुन्हा खेळणे झाले. गेल्या महिन्यात एका दुपारी मी गाठ सोडली. आत तुझे इंजिन होते, आणि त्याच्या शेजारी तुझी निळी काचेची गोटी होती, जिला तू कोणाला हातही लावू द्यायचा नाहीस. माझ्या इंजिनाच्या बदल्यात तू ती ठेवली होतीस. मी खाटेवर बसून खूप रडले, आणि मग खूप हसले. गोटी मी घेतली. मी जाईन तेव्हा ती माझ्या मुठीत असेल, भाचीला तेवढे सांगून ठेवले आहे, कारण विचारू नकोस म्हणून. आपला व्यवहार पुरा झाला. आणि माझे इंजिन मला मिळाले नाही असे मानू नकोस, तुझा खेळ सुटेपर्यंत तीन वर्षे ते मी रोज माझ्या पायांजवळून धावताना पाहिले आहे.

तुझ्या इंजिनात मी नवी स्प्रिंग घातली. चिमणी सरळ केली. रंगाला हात लावलेला नाही. मग चार दिवस डाव्या हाताने गाठ मारायचा सराव केला. आता फास डावीकडे पडला आहे, बघ.

चावी आत आहे. खाली बसून सोड, गुडघे दुखले तर दुखू देत. नऊ फेरे दे, दहावा देऊ नकोस. आणि तुझी बायको वर येऊन विचारेल, हे कोणी नीट केलं, तर तिला सांग, बाबा येऊन गेले.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला असून तो बदलण्याची मला इच्छा नाही.

सही: घड्याळवाली बाई

साक्षीदार पहिला: जुन्या खेळण्यांचा व्यापारी. सही माझ्यासमोर झाली. शिवलेले पान मी वाचलेले नाही.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. सही करताना बाईंनी वार बरोबर सांगितला.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली, खाटेशेजारचे टेबल.

दिनांक: १७ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाप्रमाणे तीन चौदा.