कधीच नसलेली खिडकी

बाथ, शुक्रवार

प्रिय एव्हिस वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून खालच्याच खोलीत झोपता? केक पोचला, दोन दिवस पुरवून खाल्ला. मी बरी आहे, म्हणजे तोंड लपवून हिंडण्याइतपत बरी.

काल त्या कोपऱ्यावरच्या जुन्या घरात मी पाहुण्यांना दालनं दाखवत होते. (क्लेमेंट गेल्यापासून, घर दाखवायचा त्याचा गुरुवार मीच चालवते.) गल्लीतून पाहिलं तर वरच्या मजल्याला तीन खिडक्या, आत मोजाव्यात तर दोनच. मधली म्हणजे नुसता दगड, त्यावर काळ्या काचा रंगवलेल्या. मी नेहमीसारखं सांगितलं, की पूर्वी सरकार खिडक्यांवर कर घ्यायचं, म्हणून मालकाने ती बुजवली. (यावर लोक हळहळतात. मलाही बरं वाटतं.) तेवढ्यात ओली छत्री घेतलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, ती कधी उघडी नव्हतीच. बाहेरून ओळ जुळावी म्हणून बांधतानाच खोटी ठेवलीय."

इथे गप्प बसायचं. पण मी म्हणाले, "माझ्या यजमानांनी चाळीस वर्षं या गावात गिलावा केला. त्यांनीच सांगितलंय मला!" आणि खात्री पटवायला अकरा माणसं भर पावसात गल्लीत नेऊन उभी केली. सगळ्यांनी माना वर केल्या. खिडकीच्या बरोब्बर डोक्यावर धुराडं. (आत त्याच जागी भिंतीतली शेकोटी आहे. जिच्या कट्ट्यावर कोपर टेकून मी हे सहा वर्षं सांगतेय, तिचंच.) काठीवाल्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, मग धूर काय खिडकीत बसून रस्ता बघायचा?"

मी तळघरातल्या स्वयंपाकघरात जाऊन तांब्याच्या पातेल्यांमागे बसले. शेवटी घराची देखरेख करणाऱ्या पोकॉकबाई आल्या. "मुरिएल, ऊठ आता. गेले सगळे." त्या गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलंय: 'घर सुंदर. बाईंच्या यजमानांना मात्र कोणीतरी चुकीचं सांगितलं असावं.'

तुमची,
मुरिएल

ता. क. ते कोणीतरी म्हणजे मी. क्लेमेंट असं कधी बोललाच नव्हता. लग्नाआधी त्याच गल्लीत, वाचनालयातल्या पुस्तकाच्या जोरावर, मीच त्याला ती कराची गोष्ट ऐकवली होती. त्याने धुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "असेल बुवा. तू वाचलंयस ना." आणि मी माझी चूक त्याच्या नावावर घातली, 'नाही' म्हणायला तो उरला नसताना.

ता. क. २. पुढच्या गुरुवारी याल का? ओळख दाखवू नका. वरच्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा, "ही खिडकी करामुळे बुजवली का हो?" मला आपणहून सुरुवात करवत नाही. विचारलंत तर खरं सांगेन, आणि वहीतही त्याच पानावर लिहीन. गुडघ्याचं त्यासाठीच विचारलं. चोवीस पायऱ्या आहेत.