बास नावाचा मासा

१ फेब्रुवारी, शनिवार
अनुपमा आणि मैथिली पुण्याला जाऊन तीन आठवडे झाले. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. तात्पुरतं आहे. एकटेपणा वगैरे काही नाही, उलट इथे आखातात आमचा बर्शाचा फ्लॅट प्रशस्त वाटतो. वेळेचा सदुपयोग म्हणून मासेमारी शिकायचं ठरवलंय. ऑफिसातला खैरुद्दीन दर शनिवारी वाळवंटात धैद गावाच्या पलीकडे एका फार्मवर जातो. फार्म अहमद नावाच्या आमच्या जुन्या क्लायंटचं. त्याने हौसेने तिथल्या तळ्यात बास मासे सोडलेत. मी शाकाहारी. पण पकडून सोडून दिला तर तत्त्वतः शाकाहारच.

८ फेब्रुवारी, शनिवार
तळं गुडघाभर, सगळं पाणगवत. खैरुद्दीन म्हणाला, बुडणारं आमिष इथे गवतात अडकतं. पोकळ रबरी बेडूक पाण्यावर नाचवायचा, बास खालून येऊन झडप घालतो. थिअरी पूर्ण समजली. पहिला बेडूक खजुराच्या झाडात. दुसरा माझ्याच टोपीत. रेंज आहे, डायरेक्शन सुधारायची.

२२ फेब्रुवारी
एका बासने बेडकाजवळ पाणी हलवलं आणि परत गेला. आमच्या सेल्समध्ये याला वॉर्म लीड म्हणतात, म्हणजे अर्धं पटलेलं गिऱ्हाईक. संध्याकाळी अनुपमाचा फोन. मैथिली विचारते, बाबा कधी येणार. म्हटलं, मार्चपर्यंत टार्गेट आहे. ती बरं म्हणाली. चांगला संवाद झाला.

१५ मार्च
खैरुद्दीनचा रोजा, तरी आला. झडप पडली. मी तत्काळ ओढलं. बेडूक सुसाट येऊन छातीवर आपटला. खैरुद्दीन म्हणाला, गुणवंतभाऊ, लगेच ओढायचं नसतं, वजन जाणवेपर्यंत थांबायचं. थांबण्यात मी तरबेज आहे.

५ एप्रिल
खैरुद्दीनकडे रोल्लाला ईदचं जेवण. बिलकीसभाभींनी माझ्यासाठी वेगळी भाजी केली होती. वहिनी कधी येणार, विचारत होत्या. इन्शाल्ला म्हटलं. घरी आलो तर अनुपमाचा मेसेज: जूनपासून मैथिलीला पुण्याच्या शाळेत घालते, चालेल ना? अंगठा पाठवला.
काही विशेष वाटलं नाही.
हल्ली सोफ्यावर झोपतो. बेडरूमचा एसी फार आवाज करतो. मेकॅनिक येऊन गेला, म्हणाला, आवाज नाहीये.

१७ मे
उकाडा. पहाटेच निघालो. मासा नाही. गवत भरपूर.

१४ जून
मिळाला. झडप, थांबलो, वजन, ओढला. अर्धं तळं गवतासकट बाहेर आलं आणि त्यात वीतभर बास. खैरुद्दीनने मिठीच मारली. मासा हातात तोंड उघडत-मिटत होता. मी बघत राहिलो. आनंद व्हायला हवा होता. फोटोत हसतोय, म्हणजे झाला असणार. सोडून दिला.
परतताना गाडीत खैरुद्दीन म्हणाला, सहा महिने देशाबाहेर राहिलं की इथला व्हिसा खलास, वहिनींना त्याआधी बोलावून घ्या. तिकिटं फक्त बुक करायची राहिलीत, असं सांगितलं. त्याने रेडिओ लावला.

२८ जून, शनिवार
अनुपमाचा फोन. तिला कोथरूडला नोकरी मिळाली. व्हिसा संपला तर संपू दे, म्हणाली. म्हटलं, हो, एचआरला प्रोसीजर विचारतो. मग पाणगवताबद्दल सांगू लागलो. तिने मध्येच तोडलं.
“गुणवंत, इतक्या महिन्यांत तू एकदाही ‘परत ये’ म्हणाला नाहीस.”
“मला वाटलं ते अंडरस्टुड आहे.”
ठीक आहे म्हणून तिने फोन मैथिलीला दिला. मैथिलीने इंग्रजीत विचारलं, मासा सोडल्यावर लगेच पोहत गेला का. हो म्हटलं. खरं तर मी बघितलं नव्हतं.

१० जुलै, गुरुवार
दोघींचे व्हिसे संपले. एचआरवाली मुलगी सॉरी म्हणाली. मी नो प्रॉब्लेम म्हटलं. खैरुद्दीनने शनिवारचं विचारलं, यावेळी मीच नको म्हणालो. ऊन फार आहे.
संध्याकाळी लिफ्टमध्ये एकदम लक्षात आलं: त्या दिवशी तिने एवढं सांगितल्यावरही मी ‘परत ये’ म्हणालो नव्हतो. घरात येऊन फोन हातात घेतला. नंबर काढला. तिकडे दीड तास पुढे असतात, जेवत असतील.
उद्या करतो.